आठवड्याची मालकी आणि वर्षाची वर्गणी

वस्तू विकत घेणे आणि वस्तूचा मालक होणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तांब्याचा हंडा घेतला, दाम मोजले, व्यवहार संपला. परंतु काही व्यवहार असे असतात की दाम मोजण्याच्या दिवशी ते संपत नाहीत, त्या दिवशी ते सुरू होतात. घोडा घेणाऱ्यास चंदीचा खर्च ठाऊक असतो. घर घेणाऱ्यास पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याचा खर्च ठाऊक असतो. 'टाइमशेअर' घेणाऱ्यास मात्र पुढचा खर्च ठाऊक असतोच असे नाही. या विषयाचे जे कागद अलीकडे आमच्या टेबलावर येऊन पडले, ते वाचून त्या व्यवहाराविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले.

टाइमशेअर म्हणजे काळाचा वाटा. एकच खोली, तिचे वर्षातील आठवडे निरनिराळ्या कुटुंबांस वाटून द्यावयाचे, आणि प्रत्येकाने आपल्या आठवड्यापुरते तीत जाऊन राहावयाचे, अशी ही योजना. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये 'हापिमाग' नावाची कंपनी निघाली, ती या कल्पनेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. तेथे सुटीचे घर वापरू इच्छिणारा मनुष्य कंपनीचा भागधारक होत असे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे; तिच्याकडे आपण पुढे येऊच. पुढे ही कल्पना अमेरिकेत फोफावली आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या देशात आली. गोव्यास तर तिचा परिचय विशेष. कळंगुट-बागेच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या हाती नाणे घासून उघडावयाची चिठ्ठी देऊन 'तुम्हांस बक्षीस लागले' असे सांगणारे तरुण अनेकांनी पाहिले असतील. बक्षीस घ्यावयास गेलेला मनुष्य दोन-तीन तासांनी करारावर सही करूनच बाहेर पडे!

काळाचा वाटा हा प्रकार आपणांस नवा नाही. देवळातील पूजेची पाळी म्हणजे दुसरे काय? देव एक, गर्भागार एक, आणि वर्षाचे दिवस मात्र घराण्यांत वाटलेले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने रामरतन विरुद्ध बजरंगलाल या खटल्यात, पाळीने पूजा करण्याचा वंशपरंपरागत हक्क ही स्थावर मालमत्ताच होय, असा निर्णय दिला. म्हणजे जो वाटा हातात धरता येत नाही, तोही कायद्याने जमिनीच्या पंक्तीस बसविला.

आपल्या देशातील बहुतेक टाइमशेअरची गोष्ट मात्र वेगळी आहे. विक्रेत्याच्या तोंडी 'मालकी' हा शब्द असतो. करारात 'सदस्यत्व' हा शब्द असतो. ठरावीक वर्षे, बहुधा पंचवीस, त्या कंपनीच्या विश्रामगृहांत वर्षातून काही दिवस राहावयाचा परवाना, एवढाच त्याचा अर्थ. जमिनीच्या दप्तरी आपले नाव लागत नाही. मुदत सरली की हाती काही उरत नाही. आणि तरीही मालकाच्या गळ्यात पडणारा जो भार, तो देखभालीचा खर्च, सदस्याच्या गळ्यात दरवर्षी पडतोच.

या भाराचे गणित कागदावर मांडून पाहावे. कोणी एकाने ४ लक्ष रुपये देऊन पंचवीस वर्षांचे सदस्यत्व घेतले असे समजू. पहिल्या वर्षीचे देखभाल शुल्क १५,००० रुपये. दर वर्षी त्यात शेकडा ६ ची वाढ. तेराव्या वर्षी हे शुल्क ३०,००० च्या वर जाते. पंचविसाव्या वर्षी ते ६०,७०० च्या घरात पोचते. आणि सगळ्या वर्षांची बेरीज सुमारे ८ लक्ष २३ हजार होते. म्हणजे ज्या किमतीवर घासाघीस करण्यात आपण संध्याकाळ घालविली, तिच्या दुपटीहून अधिक रक्कम त्या किमतीमागे मुकाट्याने उभी होती. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, आणि वस्तू व सेवा कर त्यात धरलेला नाही.

अंत्रुज महालातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले, त्यांची कथा याच जातीची. २००९ साली, नोकरीत असताना, त्यांनी हौसेने असे सदस्यत्व घेतले होते. पहिली काही वर्षे मुलांना घेऊन ते थंड हवेच्या ठिकाणी गेलेही; ते दिवस सुखाचे गेले, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. पुढे मुले परदेशी गेली, पत्नीचे गुडघे धरले, आणि सलग तीन वर्षे जाणे झाले नाही. शुल्काची पत्रे मात्र येतच राहिली. थकबाकीवर व्याज चढले. बाकी भरल्यावाचून खोली राखून मिळणार नाही असे शेवटच्या पत्रात होते. निवृत्तिवेतनातून औषधे भागवावी की हे शुल्क, असा प्रश्न त्या घरात उभा राहिला होता. "वकीलबाब, आमी वचूंक नात, तरी लेगीत पयशे फारीक करपाचे?" एवढेच त्यांनी विचारले.

कायद्याचे उत्तर कडू होते. शुल्क राहण्याबद्दल नसते, राहण्याची सोय राखून ठेवण्याबद्दल असते. मुंबईतील बंद सदनिकेचीही सोसायटीची वर्गणी चुकत नाही. आपण गेलो नाही म्हणून छप्पर गळावयाचे थांबत नाही, की माळ्याचा पगार बंद होत नाही. शुल्क आकारणे हा काही लबाडीचा प्रकार नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दर वर्षी नियमाने जाणाऱ्या कुटुंबांस हा सौदा मानवतोही. आमचे लक्ष गेले ते निराळ्याच दोन कलमांकडे. शुल्क किती वाढवावे हे कंपनीने सर्वस्वी आपल्या मर्जीने ठरवावयाचे, असे एक कलम होते. आणि सदस्यास मुदतीपूर्वी मोकळे व्हावयाचे असल्यास त्याने काय करावे, याविषयी संपूर्ण करारात अवाक्षरही नव्हते.

पत्रव्यवहार झाला. थकबाकीतील काही भाग सोडून देण्यात आला आणि सदस्यत्व संपले. मूळ रकमेतील छदामही परत आला नाही. तरी ते गृहस्थ ऋणमुक्त झाल्यासारखे समाधानाने गेले. पैसे देऊन घेतलेली वस्तू फुकट सोडून देता आली याचाच मनुष्यास आनंद व्हावा, हे आम्हांस विलक्षण वाटले.

याहून विलक्षण वाटले ते असे की, हेच गृहस्थ आपल्या देवस्थानाचे महाजन. पालखीचा खर्च, जत्रेची वर्गणी, आपल्या पाळीच्या दिवसाचा नैवेद्य यांपैकी एकही देणे त्यांनी जन्मात चुकविलेले नाही. तेही दरवर्षीचे, तेही वाढते, आणि त्याला तर पंचवीस वर्षांचीही मर्यादा नाही. मग एक भार भूषणासारखा वाटावा आणि दुसरा बेडीसारखा, असे का? श्रद्धा हे उत्तर खरेच. पण वकिलाच्या नजरेस आणखी एक उत्तर दिसते.

गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या कायद्यान्वये चालतात. महाजन आपली समिती निवडतात. जमाखर्च त्यांच्यापुढे येतो. मामलेदार प्रशासक या नात्याने वर लक्ष ठेवतो. वर्गणी वाढली तर ती का वाढली, हे सभेत उभे राहून विचारता येते, आणि कित्येकदा इतक्या मोठ्याने विचारले जाते की प्रकरण कोर्टात येते! महाजनांचे तंटे आम्ही थोडे पाहिलेले नाहीत. त्या व्यवस्थेचे दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. पण तिच्यात जो देतो त्याला जाब विचारण्याचा हक्क आहे. अग्रशाळेची खोली घ्या. इंदूर-बडोद्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले कुळावी कुलदेवतेस येतात, तेव्हा याच खोल्यांत उतरतात. न आलेल्या वर्षी त्यांच्या दारी व्याजासह थकबाकीचे पत्र जात नाही.

शाश्वत सेवेची आपली पद्धतही येथे आठवते. भाविक एकदाच ठेव देतो. मुद्दल शाबूत राहते. व्याजातून दरवर्षी ठरल्या तिथीस अभिषेक होतो. व्याजाचे दर उतरले आणि सामग्री महागली की ही ठेव तोकडी पडते, हेही खरे. परंतु एकदा दिलेल्या मुद्दलाने वर्षाचा भार उचलावा, हे तिचे तत्त्व आहे. टाइमशेअरमध्ये मुद्दलही जाते आणि वर्षाचा भारही आपणच वाहावयाचा. स्वित्झर्लंडच्या त्या पहिल्या योजनेत भार वाहणारा निदान भागधारक होता. पुढे कल्पना देशोदेशी गेली तेव्हा बहुतेक ठिकाणी भार तेवढा बरोबर गेला, आवाज मागे राहिला.

परदेशांनी याचा अनुभव घेऊन कायदे केले. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने ग्राहकास करारातून माघार घेण्यास १४ दिवसांची मुदत दिली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ती १० दिवसांची आहे. स्पेनने १९९८ च्या कायद्याने अशा करारांस ५० वर्षांची कमाल मर्यादा घातली, आणि त्या कायद्यानंतर झालेले अमर्याद मुदतीचे करार तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निरर्थक ठरविले. बापाच्या हौसेची वर्गणी मुलांनी आणि नातवंडांनी भरीत राहावी, हे त्यांस मान्य झाले नाही.

आपल्याकडे केवळ टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. माघारीची मुदत करारात लिहिली असेल तेवढीच. पण मनुष्य अगदीच निराधार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अन्याय्य करार' ही संज्ञा आणली, आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. शिवाय तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार गुदरता येते. म्हणजे गोव्याच्या मनुष्याने कंपनीच्या गावी खेटे घालावयास नकोत, पणजी पुरे. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आले पाहिजे. पत्रे फडताळात साठवीत बसणाऱ्यांचा हक्क तेथेच विझतो.

तेव्हा आमच्या वाचकांपैकी कोणी असल्या सौद्यास बसणार असेल, तर त्याने किंमत शेवटी विचारावी. आधी विचारावे की, वर्षाचे शुल्क किती. ते वाढविणार कोण आणि कोणत्या मापाने. न गेल्यास काय. मी मेल्यास काय. आणि मला सोडावयाचे झाल्यास वाट कोणती. ही पाच उत्तरे तोंडी घेऊ नयेत, करारात बोट ठेवून दाखवावयास सांगावे. सही त्या दिवशी करू नये. कागद घरी आणून घरच्या मंडळीस वाचून दाखवावे, कारण पुढे शुल्क भरताना तीच मंडळी पोटास चिमटा घेणार असतात. 'आजच सही केली तर सवलत' असे जो म्हणतो, त्यास 'उद्या येतो' एवढेच म्हणावे, आणि उद्या तो काय म्हणतो ते पाहावे.