मळका काठ

ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटचा काठ कसा पांढराशुभ्र हवा. आमचा यायचा करडा, चहा सांडल्यासारखा. एरवी "चालतंय रे" म्हणून सोडून दिलं असतं. पण ही प्रिंट रूममेटच्या आजीसाठी होती आणि पाकिटात कागद उरले होते फक्त नऊ.

रूममेट वडसाकडचा. झाडीपट्टीतलं नाटकाचं वेड काय असतं ते इथे कुणाला सांगायला नको! त्याचे आजोबा दंडारीत राजाचं सोंग घ्यायचे. त्या वेषातला त्यांचा एकुलता एक फोटो फ्रेमसकट वाळवीने खाल्ला. निगेटिव्ह मात्र डब्यात शाबूत. स्कॅन करून लॅबमधून सहज काढता आला असता, पण आजीला "पहिला होता तसाच" हवा होता. म्हणून आमच्या फोटो क्लबची डार्करूम.

पहिली प्रिंट बघून आजी म्हणाली, "बापू, फोटो तं साजरा आला. पन काठ काहून मळकट दिसते?"

सीनियर्सचं निदान ठरलेलं : हायपो संपलाय, नवा कर. पण हायपो कमी पडला किंवा प्रिंट नीट धुतली नाही, तर पिवळे-तपकिरी डाग बहुधा काही दिवसांनी उमटतात. आमचा करडेपणा तर डेव्हलपरमध्येच दिसत होता. मग एका कागदाच्या पट्ट्या कापल्या. एक अंधारात थेट हायपोत टाकली. पांढरीफेक! दुसरी, लाल दिवासुद्धा बंद ठेवून, आधी डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. काठ करडा. म्हणजे दिवा निर्दोष, एन्लार्जर निर्दोष, हायपोही निर्दोष. कागदच फॉग झालेला.

आणि का होणार नाही? पाकीट कपाटात कित्येक उन्हाळे पडून होतं, तेही चंद्रपूरचे, जिथे मेमध्ये पारा ४६-४७ पर्यंत जातो. गठ्ठ्यात उष्ण, दमट हवा कडेनेच आत शिरते, म्हणून आधी काठ जातात आणि मधला भाग टिकतो. हे कळलं तेव्हा इंजिनिअरिंगला आल्याचं पहिल्यांदा सार्थक वाटलं (सबमिशन्समध्ये कधी वाटलं नव्हतं).

केमिस्ट्री लॅबमधून थोडं पोटॅशियम ब्रोमाइड मिळवून डेव्हलपरमध्ये घातलं. त्याने मधला हलका फॉग दबला, काठाचा नाही. मग आठ बाय दहाच्या कागदावर मधोमध पाच बाय सातचीच इमेज पाडली आणि चारी बाजूंनी पाऊण-पाऊण इंच कापून टाकलं. तरी पाऊण इंचाची पांढरी किनार उरली. डेव्हलपर २० अंशांवर ठेवायला ट्रेखाली मेसमधला बर्फ होताच.

आजीने फोटो हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं आणि मुकुटाकडे बघत बसली. बोलली काहीच नाही. रूममेटही नाही.

उरलेले तीन कागद सध्या मेसच्या फ्रिजमध्ये, दह्याशेजारी आहेत. काकूंना नम्र विनंती, काळं पाकीट उघडून बघू नये!