चंद्रपूरच्या कचेरीतल्या भाचीला

अकोला

चि. चिऊ,


रत्नागिरीची पोर तू, चंद्रपूरच्या तहसील कार्यालयात रुजू झालीस आणि लगेच मे महिना अंगावर आला. "मावशी, दुपारी दोननंतर डोकंच चालत नाही गं," असं परवा फोनवर म्हणालीस, तेव्हापासून तुझाच विचार आहे. मीही कोकणातूनच इकडे आले आणि सगळी नोकरी वऱ्हाडच्या उन्हात केली. कचेरीतला उन्हाळा एकेकट्यानं सोसू नये, सगळ्यांनी मिळून त्याची व्यवस्था लावावी. मग ते दिवस चक्क आवडायला लागतात.

आधी तुमचा कूलर. आपल्याकडे हवेतच इतकी ओल की कूलरचा उपयोग नाही, त्यामुळे तुला त्याची रीत ठाऊक असायचं कारण नाही. इथली कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत येते, तेव्हा पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. म्हणून ती गार लागते. पण आलेल्या ओलसर हवेला बाहेर पडायला वाट हवी. तुमच्याकडे सगळ्या खिडक्या लावून कूलर चालवतात म्हणालीस ना, तिथंच घोटाळा आहे! समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, चिकचिक कमी होईल. वर्गणी काढून वाळ्याच्या ताट्या बसवून घ्या. पाणी सुरू झालं की खोलीभर जो वास पसरतो, त्यानं फायलींच्या ढिगाऱ्यातही मन प्रसन्न होतं. कागद मात्र पेपरवेटखाली ठेव. आणि शुक्रवारी निघताना टाकी उपसून, घासून कोरडी करत जा. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतात.

पावणेदहाला कचेरी उघडते. टिपण्या, आकडेमोड, पत्रांचे मसुदे असं डोकं लावायचं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरक. नोंदी, शिक्के, फाईल लावणं दुपारसाठी राहू दे. पंचनाम्याला जायचं असेल तर साहेबांना स्पष्ट सांगून सकाळीच निघ, रुमाल बांधून.

चार वाजता पन्हं करा. पाळी लावा: आज एकानं घरून कैऱ्या उकडून गर आणायचा, उद्या दुसऱ्यानं. गूळ, वेलची, चिमूटभर मीठ कचेरीतच ठेवा, पाणी माठातलं घ्या. ज्यांना चहाच हवा त्यांना तो घेऊ दे, त्यावरून वाद नको. आमच्याकडे या पन्ह्याच्या निमित्तानं वर्षानुवर्षं न बोलणारी दोन टेबलं एकमेकांशी बोलायला लागली. पुढे डब्यात कोणी आमरस आणी, कोणी कांद्याची चटणी आणि भाकरी. तेवढा अर्धा तास कामाची गोष्ट काढायची नाही, असं ठरलेलंच होतं.

एक मात्र मनावर घे. तुमच्या शिपाईकाकांना टपाल घेऊन भर दुपारी पाठवतात, ते बंद करायला लाव. टपाल सकाळी अकराच्या आत जाऊ शकतं. आणि निकालांच्या दिवसांत दाखल्यांसाठी रांग लागते, खेड्यापाड्यांतून एसटीनं आलेली माणसं उन्हात उभी असतात. त्यांच्यासाठी सावलीत बाक आणि भरलेला माठ हवाच. रांगेत कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, तर लगेच सावलीत आणा, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

मृगाचे ढग आले की हवेत ओल वाढेल आणि कूलर रुसेल. तेव्हा त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. येत्या शनिवारी तुझ्याकडे यायला निघणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पन्ह्याच्या गराची बरणी पाठवते आहे. गर आटवून गुळात घोटलाय, फ्रीजमध्ये ठेव आणि कोरडा चमचाच वापर. पहिली पाळी तुझी!

तुझी,
मावशी