तीन नंबरचं काउंटर

३ मार्च, सोमवार
शाखेत नवी मुलगी रुजू झाली. क्लार्क. शहाद्याची. पहिलीच नोकरी. काउंटर तीन. दुपारी डबा घेऊन आली तर थोरल्या मॅडम म्हणाल्या, इथे बसतं कुणीतरी. जेवण संपेपर्यंत तिथे कुणीच बसलं नाही. मुलगी भिंतीकडच्या स्टुलावर जेवली.

५ मार्च
आजही स्टुलावरच.

७ मार्च, शुक्रवार
उद्या दुसरा शनिवार, म्हणून महिला दिन आजच. सगळ्या जांभळ्या साडीत. ती पिवळ्या कुर्त्यात. साडीचं ठरलं ते आमच्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर तिला घेतलेलंच नाही. फोटोच्या वेळी कुणीतरी तिच्याच हातात मोबाइल दिला. तू काढ ना. मी तो घेऊन शिपाई काकांकडे दिला आणि तिला माझ्याशेजारी उभं केलं. फोटोत एकच पिवळी. ग्रुपवर तो फोटो आला नाही.

९ मार्च
लेकीला विचारलं, तुमच्या वर्गात असं होतं का? होतं म्हणाली. एका मुलीला कुणी बाकावर घेत नव्हतं. मग बाईंनी दर सोमवारी बाक बदलायला लावले. आता? आता सरकावंच लागतं, आई.
आठवीतल्या मुलांसाठी एवढं सोपं उत्तर आहे. दिवसभर तेच डोक्यात.

१२ मार्च
हेड कॅशियरने तिची नक्कल केली. ‘मॅडम, कॅश येऊ राहिली का?’ सगळे हसले. पंचेचाळीस-पन्नाशीची माणसं. पोरं कॉलेजात आहेत त्यांची. दुपारनंतर मुलगी हो-नाहीवर आली.

१३ मार्च
एक म्हातारे शेतकरी केवायसीसाठी आले होते. दोन काउंटर फिरून वैतागलेले. ती त्यांच्याशी अहिराणीत बोलली. पाच मिनिटांत काम झालं. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

१९ मार्च
रंगपंचमी. गुलालाची पुडी टेबलाटेबलावर फिरली. तीन नंबरला वळसा.

२२ मार्च, चौथा शनिवार
सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचत बसले. हाइन्त्स लायमन नावाचे मानसशास्त्रज्ञ स्वीडनमध्ये होते. १९८०च्या दशकात त्यांनी कामाच्या जागीचा हा छळ अभ्यासला. त्यांच्या यादीत असे ४५ प्रकार. न बोलणं, वेगळं बसवणं, पाठीमागे बोलणं, निरर्थक कामं देणं. आठवड्यातून एकदा तरी आणि निदान सहा महिने चाललं, तर तो छळ. मारहाण लागत नाही. स्वीडनने १९९३ साली त्यावर नियमच केले.
पुढे अ‍ॅशचा रेषांचा प्रयोग. सगळे मिळून मुद्दाम चुकीची रेष सांगतात, म्हणून डोळ्यांसमोरचं बरोबर दिसत असूनही माणूस चुकीचं बोलतो. पण सोबत एकानेही बरोबर सांगितलं, तर चुका चौथ्या हिश्श्यावर येतात. एकच माणूस पुरतो. या ओळीखाली पेन्सिलीने खूण केली.

२४ मार्च
डबा घेऊन तिच्याशेजारी बसले. तिने कळण्याची भाकरी दिली. शहाद्याचं, घरचं, आईचं बोललो. आईचं ऑपरेशन आहे एप्रिलमध्ये.

२७ मार्च
आमचा ग्रुप तीन दिवस गप्प. म्हणजे दुसरा निघाला.

३१ मार्च
काल पाडवा, आज इयर एंडिंग. रात्री साडेनऊ. जमाखर्चातला फरक सापडत नव्हता. तिने शोधला. शाखेच्या अधिकृत ग्रुपवर आभाराचे मेसेज. तिचं नाव नाही. मी लिहिलं. खाली दोन अंगठे. एक शिपाई काकांचा.

९ एप्रिल
तिचा रजेचा अर्ज ‘सापडत नाही’. दुसऱ्यांदा दिला.
शाळेत रुसलेली मैत्रीण फार तर वही द्यायची नाही. इथे रुसलेल्या माणसाच्या हातात रजेचं रजिस्टर आहे.

१० एप्रिल
तिला म्हटलं, लेखी तक्रार दे. मान हलवली. सहा महिने प्रोबेशन. कायम करण्याचा अहवाल इथूनच जाणार. सप्टेंबरपर्यंत गप्प बसते म्हणाली. घरी भाऊ शिकतोय.
ऑफिस म्हणजे पुन्हा शाळाच, असं जेवताना सगळे सहज म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. टोळ्या त्याच, नकला त्याच. पण शाळेत वर्ष संपतं, तुकडी बदलते, वर्गावर बाई असतात. आणि तिथे कुणाच्या घरची चूल आपल्या गप्प बसण्यावर चालत नाही.

१३ एप्रिल
कायदे शोधले. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलांना शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रासही नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून, पण तो शिक्षणसंस्थांपुरता. ऑफिससाठी २०१३चा कायदा आहे, तो लैंगिक छळापुरता. डबा वेगळा पाडणं, नक्कल, हरवलेला अर्ज, हे यांतल्या कुठल्याच कायद्यात बसत नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली कामाच्या जागीच्या सगळ्याच छळाविरुद्ध १९०वा करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही.
आठवीतल्या माझ्या लेकीला संरक्षण आहे. तेवीस वर्षांच्या त्या मुलीला नाही.

२१ एप्रिल
रजा मंजूर. चारऐवजी दोन दिवस.

२ मे
मॅनेजर साहेबांशी बोलले. बायकांचं आपापसातलं आहे, मिटवून टाका, म्हणाले. म्हटलं, साहेब, नक्कल हेड कॅशियर करतात, रजिस्टरही पुरुषाकडेच आहे. ते स्क्रीनकडे पाहत राहिले.

५ मे
लेखी दिलं. माझ्या नावाने, तिचं नाव न घालता. रजेच्या प्रत्येक अर्जाला पोच. सगळ्या सूचना अधिकृत ग्रुपवरच. जेवणाच्या तुकड्या दर सोमवारी बदलायच्या, यादी लावून. पत्राची पोच घेतली.

६ मे
थोरल्या मॅडम पासवर्ड विचारायलासुद्धा शिपाई काकांना पाठवतात.

१४ मे
लोन विभागातली एकजण डबा घेऊन आमच्याकडे आली. काही बोलली नाही. लोणचं पुढे केलं.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू झाल्या. लेक नववीत. शाखेत रजेच्या अर्जाला आता पोच मिळते. जेवणाची यादी लागलेली नाही. नक्कल थांबलेली नाही. मुलीचा अहवाल सप्टेंबरात जाणार. माझ्या पत्राला उत्तर नाही, म्हणून आज दुसरं दिलं, प्रत विभागीय कार्यालयाला. या वेळी खाली दोन सह्या आहेत, माझी आणि लोन विभागातलीची.