कॉलेज मी निवडलं, भोगलं तिने

आमच्या मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेज मात्र तिच्यासाठी मी निवडलं, आणि चुकीच्या कसोटीवर निवडलं. आज ती मेडिकल स्कूलमध्ये शिकते आहे, पण तिथवर पोचायला तिला जो वळसा पडला तो माझ्या निर्णयांमुळे पडला. न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतली धाकटी मुलं आता बारावीत आली आहेत. ‘कुठलं कॉलेज चांगलं?’ असं त्यांचे आईवडील मला विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी सोलापुरात वाढले. आमच्या वेळी बारावीचे गुण हातात पडले की गुणवत्ता यादी लागायची. जिथली यादी सगळ्यांत वरच्या गुणांवर बंद होते ते कॉलेज सगळ्यांत चांगलं, एवढा सरळ हिशोब होता. मेडिकलला जायचं तर बारावीनंतर थेट एमबीबीएस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर रेसिडेन्सी. पदवीचा मुख्य विषय कुठलाही चालतो; जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र असे ठरावीक विषय प्रयोगशाळेसह पूर्ण करायचे आणि एमकॅट ही परीक्षा द्यायची. हे सगळं मला ठाऊक होतं. पण इथे खरी निवड पदवीनंतर होते आणि तेव्हा पहिल्या सत्रापासूनची एकेक ग्रेड तपासली जाते, याचा कॉलेज निवडताना मी विचारच केला नाही.

तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक आमच्याच राज्याच्या रटगर्स विद्यापीठाचं ऑनर्स कॉलेज, तेही शिष्यवृत्तीसह. दुसरं, परराज्यातलं एक नावाजलेलं खासगी विद्यापीठ. तिथे आर्थिक मदत नावापुरतीच होती. तिचा कल रटगर्सकडे होता. मी रँकिंग पुढे केलं. “एवढ्या नावाच्या ठिकाणाहून गेलीस तर मेडिकलला तुला नाही कोण म्हणेल?” असं तिला म्हणाले. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात चारचौघांत ते नाव सांगता येईल, हेही माझ्या मनात होतं. तिने माझा शब्द मोडला नाही.

पहिल्याच सत्रात रसायनशास्त्राच्या वर्गात शेकडो मुलं होती. ग्रेड ‘कर्व्ह’वर, म्हणजे आपल्याला किती आलं यापेक्षा बाकीच्यांच्या मानाने किती आलं यावर ठरायची. त्यात मी आणखी एक घोळ घातला होता. शाळेत तिने एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा चांगल्या दिल्या होत्या. त्यांचं क्रेडिट घे, पहिल्या पायरीचे विषय गाळ, वेळ वाचेल, असा सल्ला मी दिला. परिणामी ती थेट वरच्या वर्गांत जाऊन बसली. नंतर कळलं की पूर्वअटीच्या विषयांसाठी एपीचं क्रेडिट बऱ्याच मेडिकल स्कूलना चालत नाही. म्हणजे वेळही वाचला नाही आणि पायाही कच्चा राहिला.

ऑरगॅनिकच्या सत्रात ती एकदा रात्री फोनवर रडली. “आई, मला हे जमणार नाही बहुतेक,” म्हणाली. मी तिला आणखी अभ्यास कर म्हणून सांगितलं. त्या रात्री मी तिचं ऐकून घ्यायला हवं होतं. मुदतीच्या आत विषय सोडला तर गुणपत्रकावर डब्ल्यू लागतो, पण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, घसरत नाही. तो मार्ग तिला सुचला होता, मीच ‘आपल्यात अर्धवट सोडत नाहीत’ म्हणून अडवलं. तिला सी मिळाली. पुढे तिने तो विषय पुन्हा करून ए मिळवली. पण मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जात दोन्ही ग्रेड धरल्या जातात आणि विज्ञान-गणिताचा जीपीए वेगळा काढून दाखवला जातो. दरवर्षी ५० हजारांहून जास्त विद्यार्थी अर्ज करतात, त्यांतल्या साधारण २३ हजारांना प्रवेश मिळतो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८च्या आसपास असतो. अशा ठिकाणी एक सीसुद्धा फार मागे खेचते.

तिसऱ्या वर्षी आणखी एक गोष्ट समजली. काही कॉलेजांत प्री-मेड, म्हणजे मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलांसाठीची, समिती विद्यार्थ्याच्या वतीने मेडिकल स्कूलना एकत्रित शिफारसपत्र पाठवते. तिच्या विद्यापीठात ते पत्र ठरावीक जीपीएच्या वर असलेल्यांनाच मिळत होतं. आपल्या मुलांपैकी किती जणांना मेडिकलला प्रवेश मिळतो, याचा जो आकडा दाखवून त्यांनी आम्हाला भारावून टाकलं होतं, त्यात हे पत्र न मिळाल्यामुळे ज्यांनी अर्जच केला नव्हता अशी मुलं धरलेलीच नव्हती. कॉलेज पाहायला गेलो तेव्हा मी इमारती पाहिल्या, वाचनालय पाहिलं. ते पत्र कुणाला मिळतं, हा प्रश्न विचारला नाही. जवळचं मोठं रुग्णालय किती लांब आहे, हेही विचारलं नाही. गाडीशिवाय तिला तिथे पोचता येत नव्हतं, त्यामुळे रुग्णांमध्ये काम करण्याचा जो अनुभव अर्जात पाहिला जातो तो तिच्याकडे तुटपुंजा राहिला.

पदवीनंतर ती घरी परतली. एका दवाखान्यात स्क्राइब म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या शेजारी बसून रुग्णांच्या नोंदी लिहिण्याचं काम केलं, संध्याकाळी राज्याच्या विद्यापीठात विज्ञानाचे वरचे विषय घेतले, एमकॅट दिली. तिथल्या लहान वर्गांत प्राध्यापक तिला नावाने ओळखत होते. ग्रेड सुधारल्या, आणि मुख्य म्हणजे तिचा स्वतःवरचा विश्वास परत आला. जे तिला पहिल्या वर्षी मिळायला हवं होतं, ते पदवीनंतर मिळालं.

पैशांची चूक अजून फिटते आहे. पदवीसाठी आम्ही साठवलेलं सगळं खर्च झालं, वर कर्ज झालं. मेडिकल स्कूलचा मोठा खर्च त्यानंतरच सुरू होतो. २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून मेडिकलच्या नव्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच कर्ज मिळणार आहे. फी, घरभाडं आणि जेवणखाण धरलं तर अनेक ठिकाणी चार वर्षांचा खर्च याच्या पुढे जातो. पदवीच्या काळात वाचवलेला डॉलर तेव्हा उपयोगी पडेल.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी आता कॉलेजचं नाव सांगत नाही, प्रश्न देते. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात किती मुलं असतात? ग्रेड कर्व्हवर असते का? पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून आलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकतात? समितीचं पत्र कुणाला नाकारलं जातं? अडलेल्या मुलाला शिकवणी फुकट मिळते का? बसने जाता येईल असं रुग्णालय आहे का? चार वर्षांनंतर डोक्यावर किती कर्ज असेल? ज्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्यांनी आणखी एक पाहावं: ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना बहुतेक अमेरिकी मेडिकल स्कूल प्रवेश देत नाहीत.

बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. त्याआधी मुलांना घेऊन प्रत्यक्ष जा, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या प्री-मेड मुलांशी बोला, आणि शेवटचा शब्द तुमच्या मुलाचा असू द्या. तिथे राहून शिकायचं त्याला आहे.