कॅसेटची दुसरी बाजू

गेल्या वर्षी आमच्या धाकट्याने घरात गिटार आणली. एका संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून बसलो होतो. आतल्या खोलीतून एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. विचारलं तर म्हणाला, "अब्बा, आयर्लंडचं लोकगीत आहे. 'व्हिस्की इन द जार'." व्हिस्कीचं नाव ऐकताच त्याची अम्मी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली!

त्याने समजूत घातली. गाणं एका वाटमाऱ्याचं. तो लुटीचा पैसा घरी आणतो आणि त्याची प्रेयसीच त्याला दगा देते. डब्लिनच्या 'थिन लिझी' या रॉक बँडने हे जुनं गाणं १९७२ साली रेकॉर्ड केलं, १९९८ मध्ये अमेरिकेच्या 'मेटॅलिका'ने. म्हणून तर ते नागपूरच्या जाफरनगरपर्यंत पोहोचलं.

मग त्याने शिनेड ओ'कॉनर ऐकवली. तिने २०१८ साली इस्लाम कबूल केला, तेव्हा मी तिच्याविषयी वाचलं होतं. २०२३ मध्ये तिचा इंतकाल झाला. २००२ साली तिने आयर्लंडच्या पारंपरिक गाण्यांचा एक अल्बमच केला होता. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'जुनी रीत, नव्याने' असा.

मी म्हणालो, "त्यांचं ठीक आहे. आपल्याकडे कोण करतं?" त्याने दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चं 'मा रेवा' लावलं. नर्मदाकाठचं हे गाणं २०००च्या 'कंदिसा' अल्बममध्ये आहे. बँडमधले राहुल राम नर्मदा आंदोलनात वावरलेले. तीच नर्मदा आपल्या नंदुरबारच्या सीमेवरून वाहते. गाणं संपलं आणि पोराने सहज विचारलं, "अब्बा, आपल्या घरातलं जुनं गाणं कोणतं?"

मी गप्प झालो. कारण गाणं होतं, आणि ते मीच पुसलं होतं.

माझी नानी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. पहाटे जात्यावर बसली की पहिली ओवी अल्लाची, दुसरी रसूलची, मग बीबी फातिमाची आणि त्यानंतर माहेरच्या भावाची. सगळं मराठीत, अस्सल वऱ्हाडी ठसक्यात. १९८९ साली, कॉलेजात असताना, मी ते टेप केलं. कॅसेटच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे तोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मी ते तोडले नव्हते.

१९९३ साल उजाडलं. दंगलींनंतरचे दिवस. माणसं आपापल्या कोषात शिरत होती. कुणी म्हणालं, जात्यावर गाणं ही आपली रीत नव्हे. मला आणखी एक लाज होती. मित्रांच्या नानी-दादी उर्दू बोलायच्या, माझी मराठीत गायची. मी त्याच कॅसेटवर एक तकरीर भरली. तकरीर वाईट नव्हती. पण ती दुसऱ्या कॅसेटवरही मावली असती. तीन वर्षांनी नानी गेली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. मला मात्र घरातल्या एका बाईचा आवाज सांभाळता आला नाही.

मुलाला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "मोठ्या खालाला विचारू या."

खाला अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आम्ही मोबाईल पुढे धरला तर म्हणते, "अरे, हात फिरल्याबिगर तोंडात येत नाही!" गोठ्यात पडलेलं जातं धुतलं, मूठभर ज्वारी टाकली. पोराने खुंट्याला हात लावला. दोन-चार फेरे झाले आणि खालाच्या तोंडून अल्लाची ओवी आली. पोर जात्याच्या घरघरीवर ताल धरत होता. मला मान वर करवेना.

अकरा ओव्या मिळाल्या. पोरगा आणि त्याचे मित्र त्यांना गिटारीवर बसवताहेत. चांगलं होईल की नाही, अल्ला जाणे. पण वाचकहो, तुमच्या घरात अशी एखादी नानी, दादी, खाला असेल तर आजच जाऊन बसा तिच्याजवळ. भाषेची लाज बाळगू नका. मी बाळगली होती.