लिंक आली का?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला संगणकातलं सगळं कळतं, असा आमच्या कोरेगावात एक समज आहे. वास्तविक मी कॉमर्सचा पदवीधर. डेबिट डावीकडे, क्रेडिट उजवीकडे, एवढ्या भांडवलावर कॅशच्या जाळीमागं उमेदीची वर्षं काढली. पण 'लिंक नाही' हे दोन शब्द आम्ही इतक्या अधिकारवाणीनं सांगतो, की ती लिंक आम्हीच सकाळी डब्याबरोबर घरनं आणतो, असं लोकांना वाटत असावं. हा शब्द आता तालुक्यात मराठीच झालाय. खेड्यातनं आलेली म्हातारी दारातूनच विचारते, "लिंक आली का रं बाबा?" पाऊस आला का, असं विचारावं तसं. नाही म्हटलं की आभाळाकडं बघते. आणि तिचं अगदीच चुकत नाही, कारण काही शाखांच्या छपरावर उपग्रहाची थाळी असतेच.

संगणक बँकेत सहजासहजी आला नाही. १९८३ साली संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला, १९८४ त रंगराजन समितीचा अहवाल आला, तेव्हा कुठं यंत्रानं उंबरा ओलांडला. यंत्र आपली खुर्ची खाणार, ही त्या वेळची धास्ती. आमची खुर्ची अजून आहे. फक्त तिच्यावर बसून लिंकची वाट बघावी लागते.

तर माझ्या या नसलेल्या विद्वत्तेवर माझ्या मेहुण्याचा गाढ विश्वास. त्याचं खतांचं दुकान आहे. २०१८ पासून देशभर अनुदानाचं खत विकायचं म्हणजे पॉस यंत्रावर आधार जुळला पाहिजे, शेतकऱ्याचा अंगठा उमटला पाहिजे, तेव्हा ४५ किलोची युरियाची गोणी हलणार. कोण्या एका जूनमध्ये, रानाला वापसा आलेला, घेवड्याची पेरणी तोंडावर, दुकानापुढं रांग, आणि सगळं ठप्प. वाठार स्टेशनहून एसटीनं आलेला एक शेतकरी तीन वेळा अंगठा पुसून रिकाम्या हातानं परत गेला. वापसा काही लिंकसाठी थांबत नाही. आणि उधारीवर चालणाऱ्या दुकानाचं एक गिऱ्हाईक दुसऱ्या दारात गेलं, की त्याची मागली बाकीही तिकडच्याच वाटेनं जाते.

मेहुण्यानं बँकेत फोन केला. "दाजी, असाल तसे या."

गेलो. काउंटरखाली एक जुनाट स्वस्त डबी. तिच्यातले हिरवे दिवे एकदम, एका ठेक्यात, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. मेहुणा म्हणाला, "डबी तर झकास चाललीया बघा! कंपनीच्या लायनीतच खोट असणार."

मला आमची शाखा आठवली. स्विच म्हणजे शहाणा शिपाई. कोण कुठल्या टेबलावर बसतो याची यादी त्याच्या डोक्यात असते; कागद आला की नेमक्या टेबलावर नेऊन ठेवतो. (पूर्वी हब नावाचा प्रकार होता. तो दारात उभा राहून प्रत्येक कागद सगळ्यांना ओरडून वाचून दाखवायचा.) पण 'सर्वांसाठी' असं परिपत्रक आलं, तर शिपायाला ते प्रत्येक दारी द्यावंच लागतं. आता एका दारातनं बाहेर दिलेलं परिपत्रक दुसऱ्या दारातनं परत आत आलं तर? तो पुन्हा सगळ्यांना वाटणार. ते पुन्हा येणार. दहा मिनिटांत शाखेत परिपत्रकाखेरीज काही उरणार नाही.

मी वायरी एकेक करून उपटल्या. पाचवी उपटली आणि दिवे शांत झाले. त्या वायरीची दोन्ही टोकं त्याच डबीत होती. भाच्यानं लोंबकळणारं टोक 'नीट दिसावं' म्हणून रिकाम्या भोकात खोचलं होतं. पोरगं व्यवस्थित, दुसरं काही नाही.

यावरचा उपाय राडिया पर्लमन या विदुषींनी १९८५ सालीच काढून ठेवलाय. बरे स्विच आपापसात बोलतात, फेरा आढळला की एक वाट आपण होऊन बंद करतात. स्वस्त डबीला ही अक्कल नसते. मेहुण्यानं त्याच दिवशी नवा घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून टाय लावलेला एक तरुण आला. त्यानं ४८ पोर्टचा स्विच सुचवला. "भविष्याचा विचार करा, सर." किमतीत एक बरी म्हैस आली असती, आणि म्हैस निदान दूध तरी देते. मी वहीत जमाखर्च मांडला. काउंटरचे संगणक २, हिशेबाचा १, प्रिंटर १, कॅमेरे ४, त्यांचं रेकॉर्डर १, गोदाम १, राउटर १. एकूण ११. आठाचा पुरत नाही, सोळाचा घ्यावा, पाच शिल्लक. कॅमेऱ्यांना त्याच वायरीतनं वीज द्यायची, तर पोर्टामागं १५.४ वॅट धरून चौघांना ६२ वॅट पुरे. तरुणानं वहीकडं बघितलं, मग टाय सैल केला.

गोदाम मागल्या गल्लीत. पावलं मोजली, दोनशेच्या घरात निघाली. तांब्याची वायर १०० मीटरच्या पुढं भरवशाची नाही, म्हणून फायबर टाकली. तिचा दुसरा गुण मला जास्त आवडला. वळवाची वीज कडाडली तरी काचेतनं झटका एका इमारतीतनं दुसरीत जात नाही.

राहिला राउटर. हा आमचा आवक-जावक कारकून. आतल्या सगळ्यांची पत्रं एकाच शाखेच्या शिक्क्यानं बाहेर धाडायची आणि उत्तर कुणाचं, ते रजिस्टर बघून द्यायचं. टोकनही तोच वाटतो. येईल त्या यंत्राला एक नंबर, ठरावीक मुदतीचा. प्रिंटरला मात्र कायमचं टोकन बांधून दिलं, नाहीतर तो रोज नव्या पत्त्यावर राहायला जातो. भाच्याला जुना राउटर गोदामात मोबाइलसाठी लावायचा होता. लाव म्हटलं, पण त्याचं टोकनवाटप आधी बंद कर. एका शाखेत दोन टोकनवाले बसले की एकाच नंबरावर दोन गिऱ्हाइकं भांडतात.

पासवर्ड बदलला. मूळचा 'अ‍ॅडमिन' होता, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच. गिऱ्हाइकांच्या मोबाइलला वेगळं वायफाय दिलं, बिलाच्या संगणकाकडं वाट नसलेलं. फायबर गेली की सिमकार्डावर आपोआप जायचं, अशी जोडणी केली आणि खात्री म्हणून भर दुपारी फायबरची वायर ओढली. मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ध्या मिनिटानं पॉस यंत्रातनं पावती बाहेर आली, तेव्हा त्यानं चहा सांगितला. राउटर, स्विच आणि गोदामाकडचा कन्व्हर्टर, तिन्ही यूपीएसवर घेतले. बारकं काम, पण वीज गेल्यावर एकटा संगणक चालू ठेवून काय ओवाळायचाय?

नव्या स्विचवर भाच्यानं प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावलीय, सुवाच्य अक्षरात. मेहुण्यानं वर हळदकुंकू वाहिलं. हवेच्या जाळीत गेलेलं कुंकू मी फुंकून काढलं.

गेल्या रविवारी सकाळीच फोन. "दाजी, दिवे कमी लुकलुकत्यात!"

"दुकान उघडंय?"

"न्हाई. आज सुट्टी की."

"मग त्यांनाही असू दे," म्हटलं आणि फोन ठेवला.