शेवटची दहा मिनिटं

वसई,
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

चि. भाचेबुवा,



नाताळच्या जेवणाला आठ माणसं बोलावलीस, पोर्क टेंडरलॉइनचे दोन तुकडे आणून फ्रीझरमध्ये टाकलेस आणि आता विचारतोस, बॉटल मसाला चोपडून दोन तास ओव्हनमध्ये ठेवलं तर चालेल का? नाही चालणार. दोन तासांनी जे बाहेर येईल ते चपलेच्या तळव्याला लावता येईल, पाहुण्यांना वाढता येणार नाही. एवढंच फोनवर सांगून मावशीने रिसीव्हर ठेवला असता तर तू फुगून बसला असतास, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी हा तुकडा कुठला ते समजून घे. डुकराच्या पाठीच्या कण्याला आतल्या बाजूने चिकटलेला, कमरेकडे जाडसर आणि पुढे निमुळता होत गेलेला हा स्नायू. एका जनावरात दोनच मिळतात, प्रत्येकी साधारण अर्धा किलो. चालताना, उकिरडा उकरताना राबतात ते खांदे आणि मांड्या. कण्याखालच्या या स्नायूला फारसं काम पडत नाही. त्यामुळे तो मऊ असतो, त्यात चरबी जवळजवळ नसते आणि राबणाऱ्या स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतूही फार कमी असतात.

घरच्या सवयीने घोळ होतो तो इथेच. वसईत पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. ते गेले, पण त्यांचा व्हिनेगर-लसणाचा संस्कार इथल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरांत राहिला. आपलं इंदियाल, सरपोतेल, गोव्याचा विंदालू, हे सगळे मुख्यतः खांद्याच्या आणि पोटाच्या मांसाचे पदार्थ. त्या मांसात चरबीचे थर असतात, कोलॅजनचे तंतू असतात. मंद आचेवर दीड-दोन तास शिजलं की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा बोटांना चिकटण्याइतका दाट होतो. दुसऱ्या दिवशी तो आणखी चवदार लागतो. टेंडरलॉइनमध्ये विरघळायला काही नसतंच. जास्त वेळ शिजवल्याने त्याचा फायदा शून्य, तोटा मात्र पुरेपूर. म्हणून आजीच्या इंदियालसाठी खांदा आण, आणि हा तुकडा त्याच्या पद्धतीने शिजू दे.

दुकानात आणखी एक फसगत होते. पोर्क लॉइन नावाचा रुंद, वरून चरबीचा थर असलेला मोठा तुकडा शेजारीच ठेवलेला असतो. तो कण्याच्या वरच्या बाजूचा वेगळाच स्नायू. त्याचा वेळ वेगळा, रीतही वेगळी. एकाची कृती दुसऱ्याला लावली की जेवण बिघडलंच म्हणून समज. अमेरिकेत तू राहतोस त्या आयोवा राज्यात नावांचा गोंधळ तर विचारूच नको. तिथला तो प्रसिद्ध टेंडरलॉइन सँडविच, म्हणजे मांस ठोकून पावाच्या दुप्पट पसरवायचं, ब्रेडचा चुरा लावून तळायचं, तो बहुतेक ठिकाणी लॉइनचाच असतो. आयोवात डुकरं दोन कोटींहून अधिक आणि माणसं बत्तीस लाखांच्या आसपास. ज्या राज्याचा हा व्यवसाय, त्या राज्याने नावात थोडी ढिलाई केली तर कोण बोलणार!

आता तुझ्या दोन तासांच्या मागे जी भीती आहे तिच्याबद्दल. ‘डुकराचं मांस नीट शिजव’ हे वाक्य तू इथे ऐकलंस, तसंच ते अमेरिकेतल्या आज्याही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. त्याला कारण होतं. १८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन करताना स्नायूंत बारीक पांढरे ठिपके दिसले. प्रत्येक ठिपक्यात वेटोळं घालून बसलेला जंत होता. त्याचं नाव ट्रिकिनेला. तो निरुपद्रवी असावा असं बरीच वर्षं मानलं गेलं. मग १८६० मध्ये ड्रेस्डेनला फ्रीड्रिख त्सेंकर यांनी एका मोलकरणीच्या शवाची तपासणी केली आणि तिचा मृत्यू याच जंतांनी झाल्याचं दाखवलं. ते तिच्या पोटात डुकराच्या मांसातून गेले होते. पाचच वर्षांनी हेडर्सलेबेन नावाच्या जर्मन गावात याच रोगाने सुमारे शंभर माणसं गेली. कच्चं डुकराचं मांस पावाला लावून खायची तिथे पद्धत होती. या सगळ्यातून जर्मनीत मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी सुरू झाली, आणि त्यासाठी वैद्यकातलं मोठं नाव असलेले रुडॉल्फ फिर्खो हिरिरीने झगडले.

अमेरिकेत अशी तपासणी रूढ झाली नाही, तिथे जबाबदारी स्वयंपाकघरावर टाकली गेली. जुन्या काळच्या मांसाच्या थर्मामीटरवर पोर्कसमोर १८५ अंश फॅरनहाइट छापलेलं असे, म्हणजे ८५ सेल्सिअस. वस्तुतः हा जंत ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास मरतो! पण भीतीने आकडा फुगवला आणि तीन पिढ्यांनी कोरडं, राखाडी मांस सफरचंदाच्या सॉसमध्ये बुडवून गिळलं.

पुढे डुकरांना उष्टं-खरकटं घालणं कमी झालं. १९८० मध्ये तसं खाद्य आधी शिजवण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा आला, डुकरं बंदिस्त गोठ्यांत वाढू लागली, आणि आता तिथे या रोगाचे जे तुरळक रुग्ण सापडतात ते बरेचसे अस्वलासारख्या रानटी प्राण्याचं मांस खाल्लेले असतात. शेवटी २४ मे २०११ रोजी अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठीचा आकडा १६० वरून १४५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ६३ सेल्सिअसवर आणला. अट एकच: आचेवरून उतरवल्यावर निदान तीन मिनिटं थांबायचं. खिम्याला ही सवलत नाही; त्याचा आकडा १६० च राहिला, कारण दळताना बाहेरचे जिवाणू आत सगळीकडे मिसळतात.

सुट्टीत घरी आलास की हा १४५ चा आकडा मात्र विमानतळावरच ठेवून ये. आपल्याकडे उघड्यावर हिंडणाऱ्या डुकरांत फीतकृमीच्या अळ्या असू शकतात. तसं मांस अर्धवट शिजलेलं खाल्लं की फीतकृमी आतड्यात मुक्काम करतो. मेंदूत गाठी होऊन फिट येतात त्या मात्र मांसातून येत नाहीत. त्या येतात माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पालेभाजीवर गेलेल्या कृमीच्या अंड्यांमुळे. त्यामुळे डुकराला कधी हात न लावलेल्या शाकाहारी माणसालाही त्या होतात. तेव्हा वसईच्या बाजारातलं मांस तपासणी केलेलं आहे याची खात्री नसेल तर ते इंदियालसारखं पूर्ण शिजवावं, हे आजीचं म्हणणं इथे अगदी बरोबर आहे.

कोरडेपणाला दुसरंही एक कारण आहे, आणि ते डुकरातच घडवलेलं. १९८७ मध्ये अमेरिकन वराहपालकांनी पोर्कची जाहिरात ‘दुसरं पांढरं मांस’ अशी सुरू केली. लोक चरबीला घाबरून कोंबडीकडे वळले होते, त्यांना परत आणायचं होतं. सडपातळ डुकरांची पैदास त्याआधीपासूनच चालू होती, तिला आणखी जोर आला. आज टेंडरलॉइनमध्ये कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीइतकीच चरबी असते. हृदयाला ते बरं असेल. स्वयंपाक करणाऱ्याला मात्र चुकायला जागा उरली नाही.

आत नेमकं काय घडतं ते कळलं की ही जागा किती अरुंद आहे ते समजेल. मांसाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी. पन्नास अंश सेल्सिअसच्या सुमाराला मायोसिन नावाचं प्रथिन आकसू लागतं आणि मांस कच्चं लुसलुशीत न राहता घट्ट होतं. साठीच्या पुढे तंतूंभोवतीची आवरणं आवळू लागतात. पासष्ट-सत्तरच्या दरम्यान अ‍ॅक्टिन हे दुसरं प्रथिनही आकसतं आणि आणखी बरंच पाणी पिळून बाहेर पडतं. म्हणजे खायला उत्तम मांस साठ ते पासष्टच्या दरम्यान मिळतं. तापलेल्या ओव्हनमध्ये एवढा पट्टा ओलांडायला पाच-दहा मिनिटंही पुरतात.

म्हणून तयारी अशी. आदल्या दिवशी तुकडे फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेव. पाकिटावरची बारीक अक्षरं वाच. मिठाच्या पाण्याचं द्रावण टोचलेलं मांस तिथे सर्रास विकतात. तसं लिहिलेलं असेल तर आणखी मीठ लावू नकोस. नसेल तर अर्ध्या किलोला एक सपाट चमचा बारीक मीठ सगळीकडून चोळ आणि उघडंच रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. मीठ आधी पाणी ओढून घेतं, मग त्याच पाण्यात विरघळून आत शिरतं आणि प्रथिनांना थोडं सैल करतं. अशी सैलावलेली प्रथिनं आच लागल्यावर पाणी कमी सोडतात. शिवाय पृष्ठभाग कोरडा होतो, त्याचाही फायदा होतो.

मीठ लावण्याआधी एक काम चुकवू नकोस. तुकड्याच्या जाड टोकाकडे चंदेरी, चकचकीत पापुद्रा दिसेल. तो इलॅस्टिनचा असतो, कितीही शिजवला तरी विरघळत नाही. उलट आकसून सगळा तुकडा वाकडा करतो. पातळ सुरीचं टोक त्याच्याखाली घालून धार वरच्या दिशेला ठेवत सोलून काढ. निमुळतं शेपूट खाली दुमडून दोऱ्याने बांध, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी होईल.

बॉटल मसाल्याचं काय? घाल, पण उशिरा. त्यात काश्मिरी मिरचीपासून खसखशीपर्यंत वीस-पंचवीस जिन्नस आधीच भाजून कुटलेले असतात. तडतडत्या तव्यावर ते दोन मिनिटांत जळून कडू होतात. बिडाचा जाड तवा धूर येण्याच्या बेताला तापव, थोडं तेल सोड, नुसतं मीठ लावलेले तुकडे पुसून कोरडे कर आणि दर बाजूला दीड-दोन मिनिटं ठेवत खरपूस रंग आण. मग उतरवून त्यावर दोन चमचे मसाला, ठेचलेला लसूण, थोडा गूळ आणि तेल यांचा लेप लाव. व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवायचा मोह आवर. आंबटाने या कोवळ्या मांसाचा वरचा थर भुसभुशीत होतो. लेपात एखादा चमचा पुरे.

तव्यावर भाजल्याने ‘रस आत बंद होतो’ असं कुणी सांगेल. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिख या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते मांडलं आणि अजून ते टिकून आहे, पण ते खरं नाही. भाजलेल्या पृष्ठभागातूनही रस गळतोच. तव्यावरचा चर्र आवाज त्याचाच. भाजायचं ते चवीसाठी. १९१२ मध्ये लुई कामीय मायार यांनी जिचा अभ्यास मांडला, ती प्रथिनं आणि साखर यांची अभिक्रिया तिथे घडते. ओल्या पृष्ठभागाचं तापमान शंभराच्या पुढे सरकत नाही आणि ही अभिक्रिया त्याच्या बरीच वर गेल्याशिवाय जोर धरत नाही. म्हणून कोरडं करणं महत्त्वाचं.

ओव्हन ४०० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २०५ सेल्सिअसला आधीच पूर्ण तापलेला असू दे. तवा तसाच आत सरकव. दहाव्या मिनिटाला जाड भागाच्या मधोमध, टोकाकडून लांबीच्या दिशेने थर्मामीटर खोच. १४० दिसले की काढ. बहुधा ते दहा ते पंधरा मिनिटांत होईल, पण घड्याळावर विसंबू नकोस. तुकड्याची जाडी, ओव्हनचा खरेपणा, मांस किती गार होतं, या सगळ्यांमुळे वेळ बदलतो. लाकडी पाटावर दहा मिनिटं सैलसर झाकून ठेव. बाहेरची उष्णता आत जात राहते आणि आकडा आपोआप १४५ ओलांडतो. नाहीच ओलांडला तर दोन मिनिटं परत आत सरकव, त्यात कमीपणा नाही. थर्मामीटर खरं बोलतो का, हे बर्फाच्या पाण्यात बुडवून आधी बघ. ३२ दाखवायला हवेत.

कापल्यावर मध्ये फिकट गुलाबी दिसेल. पाहुण्यांतलं कुणीतरी ‘कच्चं राहिलं’ म्हणेलच. तो रंग मायोग्लोबिनचा, रक्ताचा नव्हे. आकडा बरोबर असेल तर मांस शिजलेलं आहे. बोटभर जाडीचे काप आडवे, तंतूंच्या विरुद्ध दिशेने कर. तव्यात चिकटलेल्या खरपुडीवर अर्धी वाटी सफरचंदाचा सायडर ओतून खरवड, तो निम्मा आटला की चमचाभर मोहरीची पेस्ट आणि लोण्याचा गोळा घाल. पाटावर साचलेला रसही त्यातच. सोबत भात नको, पाव ठेव.

एका तुकड्यात तीन माणसं जेवतात, तेव्हा आठ जणांसाठी तिसरा आण. तव्यात ते एकमेकांना चिकटू देऊ नकोस, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवले जातील. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेव आणि तीन-चार दिवसांत संपव. आणि पाहुण्यांत डुक्कर कोण खात नाही ते आजच विचारून घे. मराठी मंडळींतही बरेच जण खात नाहीत, आणि जेवणाच्या टेबलावर तसं सांगायला माणूस संकोचतो. त्यांच्यासाठी जे करशील त्याचा ट्रे, सुरी आणि पाट वेगळा ठेव.

तुझी,
मावशी